दाह, जनुके आणि सांधेझीज : एका सहसंबंधाची चिकित्सा

सारांश

ऑस्टिओआर्थ्रायटिस अर्थात सांधेझीज या विकारात दाहाचा सहभाग असतो, हे आता निर्विवाद आहे. या विधानावरून ‘दाहाशी संबंधित जनुकांतील प्रकारभेद सांधेझिजेचा धोका ठरवतात’ असे दुसरे विधान अनेक शोधनिबंधांनी काढले. पहिल्या विधानाचा पुरावा दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, ही प्रस्तुत लेखाची मुख्य भूमिका आहे. १९९० च्या दशकापासून २०२५ पर्यंतच्या महत्त्वाच्या अभ्यासांच्या आधारे या सहसंबंधाचे मूल्यमापन येथे केले आहे. त्यातून महाविद्यालयीन स्तरावरील जनुकशास्त्रीय संशोधनासाठी काही निष्कर्षही काढले आहेत.

बीजशब्द : सांधेझीज, दाह, जनुकीय प्रकारभेद, इंटरल्युकिन-१, सहसंबंध-अभ्यास.

१. प्रास्ताविक

मराठीत या विकाराची दोन नावे रूढ आहेत. घरात आणि दवाखान्यात त्याला ‘सांधेझीज’ म्हणतात, तर कोशांत ‘अस्थिसंधिशोथ’ असा शब्द आढळतो. पहिले नाव वापराने झिजणाऱ्या जोत्याची किंवा चाकाची आठवण करून देते. दुसऱ्यातील ‘शोथ’ हा घटक सूज आणि दाह यांच्याकडे निर्देश करतो. वैद्यकाच्या इंग्रजी परिभाषेतही हाच पेच होता. नावातील दाहसूचक प्रत्यय खटकल्याने विसाव्या शतकात अनेक तज्ज्ञ ‘ऑस्टिओआर्थ्रोसिस’ हे पर्यायी नाव वापरत असत. आयुर्वेदानेही आमवात आणि संधिगतवात यांची स्वतंत्र लक्षणे सांगितली आहेत. म्हणजेच सांध्याचे दुखणे झिजेचे की दाहाचे, हा वाद नामकरणापासूनच सुरू होतो.

आज हा वाद बराचसा मिटला आहे. सांधेझीज हा केवळ कूर्चेचा विकार नसून कूर्चा, तिच्याखालचे हाड, सांध्याचे आतील अस्तर, अस्थिबंध आणि स्नायू अशा संपूर्ण सांध्याचा विकार आहे, आणि त्यात सौम्य परंतु दीर्घकाळ चालणारा दाह असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वाद उरला आहे तो पुढच्या पायरीवर. हा दाह कोणाला अधिक होईल हे जन्मतः मिळालेल्या जनुकांवर अवलंबून आहे काय? असल्यास ती जनुके दाहाचीच आहेत काय? या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा एकाच वाक्यात, आणि एकाच पुराव्यावर दिली जातात. ती वेगळी करून तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. आनुवंशिकतेचा पुरावा आणि त्याची मर्यादा

‘गुडघेदुखी आमच्या घराण्यातच आहे’ हे रुग्णांच्या तोंडी नेहमी येणारे वाक्य निराधार नाही. हाताच्या बोटांच्या टोकाकडील सांध्यांवर येणाऱ्या गाठींचा अभ्यास करून अमेरिकेतील रॉबर्ट स्टेचर यांनी १९४० च्या दशकात असे दाखवले, की या गाठी असलेल्या स्त्रियांच्या बहिणींमध्ये त्यांचे प्रमाण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा सुमारे तिप्पट असते. पुढे १९९६ मध्ये टिम स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसमान आणि असमान जुळ्यांच्या क्ष-किरण चित्रांची तुलना करून हात व गुडघ्यांच्या सांधेझिजेत आनुवंशिकतेचा वाटा ३९ ते ६५ टक्के असल्याचा अंदाज त्यांनी मांडला. या क्षेत्रातील बहुतेक शोधनिबंधांची सुरुवात आजही याच आकड्यांनी होते.

परंतु या आकड्यांचा अर्थ बहुधा चुकीचा लावला जातो. आनुवंशिकतेचा वाटा ५० टक्के आहे याचा अर्थ, एखाद्या रुग्णाचा निम्मा आजार जनुकांमुळे झाला असा होत नाही. विशिष्ट लोकसमूहात, विशिष्ट परिस्थितीत, व्यक्ती-व्यक्तींमध्ये जो फरक दिसतो त्यापैकी किती भाग जनुकीय भिन्नतेशी निगडित आहे, एवढेच हे माप सांगते. समूह किंवा परिस्थिती बदलली की मापही बदलते. दुसरे असे, की हे माप जनुके कोणती आहेत याविषयी काहीच सांगत नाही. सांध्याचा आकार, हाडांची ठेवण, शरीराचे वजन, वेदनेची संवेदनशीलता या सर्वच गोष्टी अंशतः आनुवंशिक आहेत. तेव्हा जुळ्यांच्या अभ्यासावरून थेट दाहाच्या जनुकांकडे वळणे हा तर्क नसून निवड आहे. ती निवड का झाली, हे समजून घेण्यासाठी दाहाची जीवशास्त्रीय बाजू पाहणे आवश्यक ठरते.

३. दाहाचा युक्तिवाद

कूर्चेतील पेशींवर इंटरल्युकिन-१ बीटा किंवा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या संदेशवाहक प्रथिनांचा मारा केल्यास त्या पेशींची वागणूक बदलते. एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रणालीमार्फत कूर्चेचा सांगाडा तोडणारी विकरे तयार होऊ लागतात. त्यांपैकी एमएमपी-१३ हे विकर कोलॅजनचे धागे तोडते, तर एडीएएमटीएस-५ हे विकर पाणी धरून ठेवणाऱ्या अग्रिकॅन या घटकाचे तुकडे करते. हे दुसरे विकर नसलेल्या उंदरांमध्ये कृत्रिमरीत्या घडवलेली सांधेझीज बरीच कमी होते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. तुटलेल्या कूर्चेचे सूक्ष्म तुकडे सांध्याच्या अस्तराला चेतवतात, अस्तर पुन्हा दाहकारक प्रथिने सोडते आणि दुष्टचक्र सुरू राहते.

या साखळीला निसर्गाने लगामही दिला आहे. इंटरल्युकिन-१ ज्या ग्राहीवर बसते, त्याच ग्राहीवर बसून त्याचा मार्ग अडवणारे एक विरोधी प्रथिन शरीरात तयार होते. त्याचे जनुक आयएल१आरएन या नावाने ओळखले जाते. आयएल१ए, आयएल१बी आणि आयएल१आरएन ही तिन्ही जनुके दुसऱ्या गुणसूत्रावर २क्यू१३ या भागात जवळजवळ वसलेली आहेत. चेतवणारे आणि शमवणारे घटक एकाच वस्तीत असल्याने या भागातील लहानसा बदलही दाहाचे पारडे एकीकडे झुकवू शकेल, ही कल्पना आकर्षक होती. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरच्या जनुकातील उणे ३०८ आणि इंटरल्युकिन-६ च्या जनुकातील उणे १७४ या स्थानांवरील बदलांबाबतही असाच विचार झाला. हे बदल जनुकाचे काम सुरू करणाऱ्या भागात असल्याने त्यांच्यामुळे प्रथिनाचे प्रमाण कमीअधिक होईल, अशी अपेक्षा होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वरील सर्व पुरावा प्रथिनांविषयी आहे, प्रकारभेदांविषयी नाही. एखादे प्रथिन रोगप्रक्रियेत भाग घेते, म्हणून त्या प्रथिनाच्या जनुकातील नेहमी आढळणारा बदल रोगाचा धोकाही ठरवेल, असे गृहीत धरता येत नाही. घर जळताना ज्वाळांना हवा लागतेच. म्हणून ज्या घरांत हवा अधिक खेळते तीच घरे अधिक पेटतात, असा नियम सिद्ध होत नाही.

४. निवडक जनुकांच्या अभ्यासांची चिकित्सा

२००२ मध्ये जॉन लॉफलिन व सहकाऱ्यांनी २क्यू१३ या भागातील प्रकारभेदांचा गुडघ्याच्या सांधेझिजेशी संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. २००४ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासातील व्यक्तींबाबत, याच भागाचा नितंबसंध्याच्या झिजेशी संबंध असल्याचे वृत्त आले. या काळात अनेक देशांतून निवडक जनुकांचे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांची रचना सामान्यतः एकच होती. काही रुग्ण आणि काही निरोगी व्यक्ती घ्यायच्या, आधीच ठरवलेल्या एकदोन जनुकांतील बदल तपासायचे, दोन गटांतील प्रमाणांची तुलना करायची आणि पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले की संबंध जाहीर करायचा. या रचनेतील दोष चार आहेत.

पहिला दोष संख्येचा. एखादा प्रकारभेद ३० टक्के जनुकप्रतींत आढळतो आणि तो रोगाची शक्यता १.१ पटीने वाढवतो, असे समजू. एवढा परिणाम ८० टक्के खात्रीने पकडण्यासाठी ०.०५ ही सैल मर्यादा ठेवली, तरी सुमारे चार हजार रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती लागतात. संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासांत वापरली जाणारी, दोन कोटींत एक अशी कडक मर्यादा लावल्यास ही संख्या प्रत्येक गटात वीस हजारांच्या वर जाते. शंभर-दोनशे रुग्णांच्या अभ्यासात असा परिणाम दिसला, तर तो योगायोग असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरा दोष अनेक चाचण्यांचा. प्रत्यक्षात कोणताही संबंध नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर त्यांपैकी किमान एक ‘अर्थपूर्ण’ ठरण्याची शक्यता ६४ टक्के असते. जनुके, प्रकारभेद, सांधे, लिंग आणि वयोगट यांचे वेगवेगळे संयोग करून पाहिले की वीस चाचण्या सहज होतात. त्यांपैकी ‘यशस्वी’ ठरलेली एकच चाचणी निबंधात आली, तर वाचकाला उरलेल्या एकोणिसांचा पत्ता लागत नाही. संपादकांचा कलही सकारात्मक निष्कर्षांकडे असल्याने नकारात्मक निकाल कपाटातच राहतात.

तिसरा दोष व्याख्येचा. जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये क्ष-किरण चित्रांवर आधारित प्रतवारी मांडली. ती अजून वापरात आहे. परंतु चित्रातील झीज आणि रुग्णाला जाणवणारे दुखणे यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. कोणी चित्रावरून रुग्ण ठरवले, कोणी वेदनेवरून, तर कोणी सांधेरोपणाच्या शस्त्रक्रियेवरून. या तिन्हींना एकच नाव देऊन केलेली तुलना भिन्न गोष्टींची बेरीज ठरते.

चौथा दोष वंशभेदाचा. रुग्ण एका समाजातून आणि निरोगी व्यक्ती दुसऱ्या समाजातून आल्या, तर जनुकांच्या प्रमाणातील फरक रोगाचा नसून वंशाचा असू शकतो. ज्या देशात विवाहाच्या रूढ मर्यादांमुळे समूहांतील जनुकीय अंतर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, तेथे हा दोष विशेष गंभीर ठरतो.

या दोषांचा परिणाम केवळ दाहाच्या जनुकांपुरता नव्हता. सांध्यांच्या वाढीत भाग घेणाऱ्या जीडीएफ५ या जनुकाचे उदाहरण पाहावे. २००७ मध्ये जपानी रुग्णांतील नितंबसंध्याच्या झिजेशी त्याचा संबंध प्रथम दाखवला गेला, तेव्हा शक्यतेचे गुणोत्तर सुमारे १.८ होते. २००९ मध्ये युरोप आणि आशियातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा गुडघ्यासाठी ते सुमारे १.१५ इतकेच भरले. फरक एवढाच, की जीडीएफ५ चा संबंध आकाराने लहान होऊनही टिकला. दाहाच्या जनुकांचे तसे झाले नाही.

५. मोठ्या अभ्यासांचा कौल

आयएल१बी आणि आयएल१आरएन यांविषयीची अनेक समूहांतील माहिती एकत्र करून २०११ मध्ये एक व्यापक विश्लेषण प्रसिद्ध झाले. गुडघा किंवा नितंबसंध्याच्या झिजेच्या धोक्याशी या प्रकारभेदांचा ठाम संबंध त्यात आढळला नाही. गुडघ्याच्या झिजेच्या तीव्रतेशी आयएल१आरएन मधील एका विशिष्ट संयोगाचा संबंध असावा, एवढी सूचना मात्र मिळाली. रोगप्रतिकारशक्तीशी निगडित असलेल्या सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए विभागाची कथाही अशीच आहे. २०१० मध्ये जपानी रुग्णांवरील संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात या विभागाचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध दिसला. चिनी आणि युरोपीय वंशाच्या लोकांत तो पडताळून पाहिला असता टिकला नाही.

त्यानंतर अभ्यासांचा आकार झपाट्याने वाढत गेला. २०१२ मध्ये ब्रिटनमधील आर्कोजेन गटाने ७,४१० रुग्ण आणि ११,००९ तुलनात्मक व्यक्तींच्या आधारे पाच निश्चित स्थाने शोधली. २०१९ मध्ये ७७,०५२ रुग्णांवरील अभ्यासाने ६४ संकेत दिले. २०२१ मध्ये ८,२६,६९० व्यक्तींच्या विश्लेषणातून शंभर स्वतंत्र प्रकारभेद पुढे आले. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास ४ लाख ९० हजार रुग्णांसह सुमारे १९ लाख ६० हजार व्यक्तींचा समावेश होता. त्यात ९६२ स्वतंत्र संबंध नोंदवले गेले आणि सुमारे ७०० जनुके परिणामकारक असल्याचे सुचवले गेले.

या जनुकांचे कार्यानुसार वर्गीकरण केल्यावर ज्या आठ प्रक्रिया ठळकपणे समोर आल्या, त्या अशा : शरीराचे दैनिक घड्याळ, मज्जातंतूंना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींशी निगडित प्रक्रिया, टीजीएफ-बीटा, एफजीएफ, डब्ल्यूएनटी, बीएमपी, रेटिनॉइक आम्ल यांचे संदेशमार्ग, आणि पेशींबाहेरील सांगाड्याची रचना. यांपैकी बहुतेक प्रक्रिया सांधा घडवण्याच्या, वाढवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या आहेत. ज्या इंटरल्युकिन-१ पासून निवडक जनुकांच्या शोधाला सुरुवात झाली, त्याचा मार्ग या आठांमध्ये नाही. सांधेझिजेचा आनुवंशिक धोका मुख्यतः सांधा कसा घडला आणि तो स्वतःची डागडुजी कशी करतो यात आहे, असे या यादीवरून दिसते.

६. प्रतिपक्षाचे म्हणणे

एवढ्यावरून दाहाच्या जनुकांना निकालात काढणे मात्र घाईचे ठरेल. प्रतिपक्षाचे तीन मुद्दे गांभीर्याने घ्यावे लागतात.

पहिला मुद्दा उपचारांवरून येतो. इंटरल्युकिन-१ बीटाला निष्प्रभ करणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाची चाचणी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर झाली. २०२० मध्ये याच माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले. औषध मिळालेल्यांत गुडघा किंवा नितंबसंधी बदलण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. हा निष्कर्ष महत्त्वाचा असला, तरी ती चाचणी सांधेझिजेसाठी आखलेली नव्हती. उलट, सांधेझिजेसाठीच केलेल्या चाचण्यांनी निराशा केली. २००९ मध्ये गुडघ्यात टोचलेल्या अनाकिन्रा या इंटरल्युकिन-१ विरोधी औषधाचा परिणाम निरौषधी टोचणीपेक्षा सरस ठरला नाही. २०१९ मध्ये लुटिकिझुमॅबनेही अपेक्षित लाभ दाखवला नाही. हातांच्या सांधेझिजेत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरविरोधी अडालिमुमॅब आणि इंटरल्युकिन-६ विरोधी टोसिलिझुमॅब यांचीही तीच गत झाली. याला एक अपवाद आहे. हातांच्या सांध्यांत अस्तराचा दाह स्पष्ट दिसत असलेल्या रुग्णांना मेथोट्रेक्सेटने वेदनेत आराम मिळाल्याचे २०२३ मधील एका चाचणीत आढळले. म्हणजे दाहाचा प्रश्न ‘कोणत्या रुग्णात आणि कोणत्या टप्प्यावर’ या स्वरूपात विचारला, तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

दुसरा मुद्दा तीव्रतेचा. आयएल१आरएन मधील एका संयोगाचा गुडघ्याच्या झिजेच्या तीव्रतेशी, आणि एका समूहात नव्याने उद्भवणाऱ्या विकाराशीही संबंध असल्याचे २०२० मध्ये अमेरिकेतील अभ्यासकांनी नोंदवले. संपूर्ण जनुकसंचाचे मोठे अभ्यास रोग आहे की नाही एवढेच विचारतात. रोग किती वेगाने वाढतो हे ते क्वचितच विचारतात. ज्या अभ्यासात प्रगतीचा प्रश्नच नाही, त्यात प्रगती ठरवणारे जनुक न सापडणे स्वाभाविक आहे. तथापि २०२० च्या निष्कर्षाला स्वतंत्र आणि मोठ्या समूहांचा दुजोरा मिळणे आवश्यक आहे. २क्यू१३ या भागाचा पूर्वेतिहास लक्षात घेता ही अट शिथिल करता येणार नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत विचार करायला लावणारा आहे. आइसलँड आणि नेदरलँड्समधील रुग्णांच्या अभ्यासातून एएलडीएच१ए२ या जनुकाचा हातांच्या सांधेझिजेशी असलेला संबंध २०१४ मध्ये समोर आला. हे जनुक जीवनसत्त्व ‘अ’ पासून रेटिनॉइक आम्ल तयार करणारे विकर घडवते. दाहाच्या जनुकांच्या कोणत्याही प्रचलित यादीत त्याचे नाव नव्हते. परंतु ऑक्सफर्ड येथील टोनिया व्हिन्सेंट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये असे दाखवले, की धोक्याचा प्रकारभेद असलेल्यांच्या कूर्चेत या जनुकाचे काम मंदावते आणि त्याबरोबर यांत्रिक इजेने चेतणाऱ्या दाहकारक जनुकांचे काम वाढते. रेटिनॉइक आम्लाचा नाश रोखणारे टॅलॅरोझोल हे औषध दिल्यावर प्रयोगात हा दाह दबला. येथे जनुकापासून दाहापर्यंतची साखळी मानवी कूर्चेत तपासली गेली. ती रक्तातील प्रथिनांपासून सुरू झाली नव्हती. तिची सुरुवात कूर्चेवर पडणाऱ्या ताणापासून आणि त्या ताणाला पेशींनी दिलेल्या प्रतिसादापासून होते.

या उदाहरणाने ‘दाहाशी संबंधित जनुके’ या शब्दप्रयोगाचीच मर्यादा उघड होते. जनुकाची ओळख बहुधा ज्या संदर्भात त्याचा शोध लागला त्यावरून ठरते. टीजीएफ-बीटा हा मार्ग वाढीचा की दाहशमनाचा, याचे उत्तर ऊती आणि टप्पा पाहून द्यावे लागते. आधी यादी करायची आणि यादीबाहेरचे काही पाहायचे नाही, या पद्धतीत एएलडीएच१ए२ सारखे जनुक कधीच सापडले नसते.

७. भारतीय संदर्भ आणि महाविद्यालयीन संशोधन

या चर्चेचा भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील वाचकाशी थेट संबंध आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये कॉपकॉर्ड हा ग्रामीण सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. सांधे-स्नायूंची दुखणी ही ग्रामीण आरोग्याची किती मोठी समस्या आहे आणि त्यांत सांधेझिजेचा वाटा केवढा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. परंतु वर उल्लेखिलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या आहेत. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होतील, असे धरून चालता येत नाही. बीजिंगमधील वृद्धांच्या अभ्यासांत अमेरिकेतील गोऱ्या लोकांच्या तुलनेत नितंबसंध्याची झीज बरीच कमी, तर स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज अधिक आढळली. तरुणपणी दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा गुडघ्याच्या झिजेशी संबंधही तेथे दिसला. उकिडवे बसून निंदणी-खुरपणी करणाऱ्या आणि डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या स्त्रियांच्या गुडघ्यांविषयी बोलताना जनुकांआधी या श्रमांची नोंद व्हायला हवी. ज्या अभ्यासात व्यवसाय, वजन आणि जुनी इजा यांची नोंदच नाही, त्यात जनुकाच्या वाट्याला आलेला दोष कदाचित त्या श्रमांचा असतो.

गेल्या काही दशकांत आपल्या विद्यापीठांतही प्रकारभेद तपासण्याचे तंत्र स्वस्त आणि सुलभ झाले. त्यामुळे लहान रुग्णगटांवर एखाददुसरा प्रकारभेद तपासून प्रबंध किंवा शोधनिबंध सिद्ध करण्याची वाट रूढ झाली. पदोन्नतीसाठी प्रकाशनांची संख्या मोजली जाते, तेथे हा मोह समजण्यासारखा आहे. त्याची किंमत मात्र विज्ञानाला आणि अखेरीस रुग्णाला मोजावी लागते. अशा निष्कर्षांच्या आधारे ‘धोक्याचे जनुक’ सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जाऊ शकतात. एखाद्या वयोगटात शंभरांपैकी वीस जणांना सांधेझीज होते असे मानले, तर १.१ गुणोत्तराचा प्रकारभेद असलेल्या शंभर जणांत ती एकवीस ते बावीस जणांना होईल. एवढ्या फरकावरून कोणाही व्यक्तीला उपचाराचा सल्ला देता येत नाही. उलट ‘जनुकातच आहे’ या समजुतीने वजन कमी करणे आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करणे हे उपाय सोडून दिले, तर नुकसान निश्चित आहे.

मग लहान महाविद्यालयातील अभ्यासकाने काय करावे? पहिली गोष्ट, एकाच पद्धतीने रुग्णांची व्याख्या, व्यवसायाची नोंद आणि क्ष-किरण प्रतवारी ठेवून अनेक महाविद्यालयांनी माहिती एकत्र करावी. दुसरी, कोणते प्रकारभेद आणि कोणत्या चाचण्या करणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी नोंदवावे. तिसरी, नकारात्मक निष्कर्षही तितक्याच तपशिलाने प्रसिद्ध करावेत. ते एकत्रित विश्लेषणात उपयोगी पडतात. चौथी, जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पातून सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती आता तयार झाली आहे. तिच्या साहाय्याने प्रकारभेदांचे भारतीय समूहांतील मूळ प्रमाण आधी जाणून घ्यावे. पाचवी, शरीरशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी अशा कामात एकत्र यावे. श्रमांची नोंद करणे समाजशास्त्राला जमेल, चाचण्यांची शिस्त राखणे संख्याशास्त्राला.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. सांधेझिजेच्या प्रक्रियेत दाह असतो, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. मात्र इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारख्या दाहाच्या ठळक जनुकांतील नेहमीचे प्रकारभेद रोगाची सुरुवात ठरवतात, या दाव्याला मोठ्या अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. रोगाची तीव्रता आणि प्रगती यांच्याशी त्यांचा संबंध असण्याची शक्यता खुली आहे, पण ती तपासण्यासाठी दीर्घकाळ चालणारे आणि मोठे अभ्यास लागतील. एएलडीएच१ए२ चे उदाहरण दाखवते, की दाहाचा आनुवंशिक धागा असेल तर तो यांत्रिक इजा आणि कूर्चेची दुरुस्ती यांच्या वाटेने शोधावा लागेल. त्या दृष्टीने ‘झीज’ आणि ‘शोथ’ या दोन मराठी नावांत विरोध मानण्याचे कारण उरत नाही. ताणाने झीज होते, तिच्यामुळे शोथ येतो आणि शोथाने झीज वाढते. कोणाचा सांधा हे चक्र वेळीच थांबवू शकतो, यात जनुकांचा वाटा आहे. तो मोजायचा तर रुग्णांची संख्या मोठी हवी, त्यांच्या श्रमांची नोंद अचूक हवी आणि नकारात्मक उत्तर छापण्याची तयारी हवी.